न विचारता काढलेला हात

माझी धाकटी बहीण राक्षस काढून पोट भरते. हे सांगितलं की लोक हसतात. त्यांना वाटतं, मी थट्टा करतेय. थट्टा कसली आलीय? ती एका कंपनीत कामाला आहे, ती कंपनी कॉम्प्युटरवरचे खेळ बनवते, आणि त्या खेळांमधले राक्षस, पंखवाले सरडे, परग्रहावरची जनावरं आणि मोडकी यानं आधी कुणीतरी काढावी लागतात. ती आमची धाकटी काढते, काचेच्या पाटीवर, विजेच्या पेननं. बत्तीस वर्षांची घोडी झाली, तरी सकाळी उठल्यापासून राक्षस.

मी तिची थोरली बहीण. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून मी कवळ्या बनवते. लग्न झालं, मोडलं, आणि मी परत आई-बाबांकडे राहायला आले. ते सगळं पाच वर्षांत उरकलं. मला राग लवकर येतो असं घरात सगळे म्हणतात. येतो. पण ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलेय, तिचा राग मला दोन महिने उशिरा आला, आणि त्या उशिराचाही मला राग आहे.

धाकटी मनातून काहीच काढत नाही. हे ऐकलं की तिच्या चाहत्यांचा फार विरस होतो. त्यांना वाटतं, ती डोळे मिटून बसत असेल आणि राक्षस आपोआप चालत येत असतील. ती उलट डोळे फाडून हिंडते. मोरीच्या जाळीतला बुळबुळीत थर, कुत्र्याच्या हिरड्या, करपलेल्या दुधाच्या पातेल्याचा तळ, गंजलेला व्हॉल्व्ह, सोललेल्या केबलचं आतडं, सगळ्याचे फोटो काढते आणि साठवते. "मनातून काढलेला राक्षस खोटा असतो, ताई," ती म्हणते, "तो कुणाला चावूच शकत नाही." एकदा तिनं माझ्याकडे बिनदातांच्या तोंडांचे प्लास्टरचे साचे मागितले होते, गुहेसाठी. मी साफ नाही म्हटलं. म्हटलं, ते कुणाचं तरी तोंड आहे, त्या माणसानं ते कवळीसाठी उघडलंय, तुझ्या गुहेसाठी नाही. आठवडाभर तोंड फुगवून बसली आणि मग स्वतःच्याच त्या तोंडाचा जबडा वासून फोटो काढला, त्याची गुहा केली. गुहा चांगली झाली होती, ते कबूल करते.

तिच्या कामाची रीत मला पाठ आहे, कारण आमच्याकडे आली की ती जेवणाच्या टेबलावर पाटी मांडून बसते आणि ताटं बाजूला सरकवते. आधी ती नुसता काळा डाग काढते. ना डोळे, ना कान. तो डाग नखाएवढा लहान केला तरी हा कोण ते कळलं पाहिजे, नाहीतर फेकून देते. मग राखाडी रंगात उजेड आणि सावली. रंग सगळ्यात शेवटी, कारण रंगानं चुका झाकता येतात आणि झाकलेली चूक पुढे नडते. आणि दर थोड्या वेळानं ती अख्खं चित्र आरशात दिसावं तसं उलटं करते, डावीकडचं उजवीकडे. एकाच चित्राकडे टक लावून बसलं की डोळा चुकीला सरावतो, म्हणते. उलटं केलं की वाकडं नाक पटकन वाकडं दिसतं.

ही बघायची शिस्त तिला कुठल्या शाळेत मिळाली नाही. ती तिला बाबांच्या हातावर मिळाली.

बाबा पत्र्याच्या डब्यांची झाकणं ठोकणाऱ्या प्रेसवर होते. पत्रा सरकवायचा, पायानं दाबायचं, वरून ठोका. एक दिवस प्रेस पायाची वाट न बघता खाली आला. उजव्या हाताची मधली दोन बोटं गेली, पहिलं बोट अर्धं राहिलं. त्या अर्ध्या बोटाच्या टोकाला पुढे एक नख उगवलं, आकडीसारखं वाकलेलं, जिथे नख असायचं कारण नाही अशा जागी. कारखान्यातून एक माणूस फळांची टोपली आणि एक कागद घेऊन आला. कागदावर लिहिलं होतं की कामगारानं निष्काळजीपणे हात मशीनखाली ठेवला. बाबांनी डाव्या हातानं सही केली. ती सही लहान पोरानं केल्यासारखी दिसत होती. त्या माणसाला आई दारापर्यंत पोचवायला गेली नाही, फळंही खाल्ली नाहीत. मला आठवतंय, ती तशीच टोपलीत काळी पडली.

डॉक्टरांनी हात उशीवर उंच ठेवून हलवायचा नाही असं सांगितलं होतं. धाकटी तेव्हा सात वर्षांची. शाळेतून आली की ती बाबांच्या खाटेशी बसायची आणि तो हात काढायची. आधी बँडेज, मग टाके, मग खपल्या, मग नवी गुलाबी कातडी. जो हात हलत नाही आणि कंटाळत नाही, त्याच्यासारखा दुसरा मॉडेल कुठे मिळणार? सहा महिने रोज. तिच्या वह्याच्या वह्या भरल्या.

मी काढत नव्हते. मी बारा वर्षांची होते आणि पहिल्यांदा बँडेज सुटलं तेव्हा मी तो हात बघून किंचाळले होते. त्यानंतर बाबांनी माझ्यासमोर तो बाहेर काढला नाही. फक्त माझ्यासमोरच नाही, पुढे कुणासमोरच नाही. आईनं त्यांच्या प्रत्येक पँटीला उजवीकडे खोल खिसा शिवला आणि हात त्या खिशात राहायला गेला. माझ्या लग्नाच्या एकूण एक फोटोत तो खिशात आहे. व्याह्यांना वाटलं, माणूस आखडू आहे.

मग तीन वर्षांपूर्वी बाबा कारखान्यानंतर धरलेल्या पहारेकऱ्याच्या नोकरीतून मोकळे झाले आणि घराखालच्या शटरच्या खोलीत त्यांनी दुरुस्तीचं दुकान टाकलं. इस्त्री, मिक्सर, टेबलफॅन. दुरुस्तीला दोन हात लागतात. पहिल्याच आठवड्यात खिशातला हात बाहेर आला, कारण त्याच्याशिवाय इस्त्रीची वायर सुटेना. ते आकडीसारखं नख वायरची साल सोलायला इतकं नामी निघालं की बाबांनी त्यासाठीची पक्कड धूळ खात टाकून दिली. "फुकटचं हत्यार आहे," ते गिऱ्हाइकांना सांगायचे आणि हात पुढे करून दाखवायचे. दाखवायचे! मी जिन्यात उभी राहून ऐकायचे. चौतिसाव्या वर्षी मी माझ्या बापाचा हात नीट पाहिला, आणि त्याच हातानं त्यांनी मला स्क्रू-ड्रायव्हर दिला. तीन वर्षं तो हात काउंटरवर उन्हात असायचा.

आता त्या कंपनीकडे येते. धाकटीच्या साहेबाला आम्ही दाढीवाला म्हणतो, कारण त्याची दाढी त्याच्या आधी खोलीत येते. धाकटी तिथे वर्षाच्या करारावर होती. पुढच्या खेळातला मोठा राक्षस जमला तर तिला कायम करणार असं ठरलं होतं. तिनं अकरा राक्षस काढले, दाढीवाल्यानं अकरा परत केले. अकराही वेळा एकच शेरा: अंग जमलंय, हात खोटा आहे. शेवटी ती वैतागली आणि बाराव्याला तिनं बाबांचा हात लावला. तिच्याकडे फोटो होते. घरी यायची, बाबा दुपारी खुर्चीत डुलकी घ्यायचे, तेव्हा काढलेले. "असेच, सवयीनं काढले होते," ती मला नंतर म्हणाली. मोरीच्या जाळीचे काढावेत तसे.

बाराव्या राक्षसावर दाढीवाला एका नजरेत खूश झाला. म्हणाला, "हा हात कुठून आणलास?"

"सुचला," ती म्हणाली.

सुचला! पंचवीस वर्षांपूर्वी एका मशीननं तो हात घडवला, एका बाईनं त्याच्यासाठी खिसे शिवले, एका माणसानं तो बावीस वर्षं लपवला, आणि आमच्या बाईसाहेबांना तो सुचला.

खेळ आला आणि धो धो चालला. राक्षसाचं नाव पंजा ठेवलं होतं. आमच्या रस्त्याच्या टोकाला बसस्टॉप आहे, त्याच्या काचेवर जाहिरात लागली. जाहिरातीत राक्षस नव्हताच, नुसता हात होता, माणसापेक्षा उंच, आणि खाली लिहिलं होतं: पळता येतंय का बघा. मी रोज त्या स्टॉपवरून कामाला जात होते. रोज त्या हातासमोर उभी राहून मी मोबाइल बघत होते. मला कळलं नाही. हिरवा होता, डावा होता, खवले होते. पण हे निमित्त झालं. मला कळलं नाही हेच खरं.

बाबांना कळलं. पण त्यांच्याही आधी दुकानात येणाऱ्यांना. कॉलेजातली दोन पोरं-पोरी पंखा घेऊन आली होती, त्यांनी काउंटरवरचा हात बघितला आणि ओरडली, "अरे, पंजा!" त्यांनी फोटो मागितला. बाबांनी काढू दिला, त्यांना वाटलं, दुरुस्तीचं कौतुक असेल. दुसऱ्या दिवशी पाचजण आले, तिसऱ्या दिवशी दुकानासमोर घोळका. कुणी वाईट बोललं नाही हो. सगळे प्रेमानंच आले होते. एकीनं तर बाजारातून विकत घेतलेला रबरी पंजा आणला होता, तो हातात घालून तिनं बाबांना म्हटलं, आजोबा, शेजारी धरा ना. बाबांनी धरला. मग त्यांनी सगळ्यांना शांतपणे चहा हवाय का विचारलं, नको म्हणाल्यावर शटर ओढलं, आणि दुसऱ्या दिवशी उघडलंच नाही.

हे सगळं मला आईनं नंतर सांगितलं. तेव्हा बाबा एवढंच म्हणाले होते, डोळ्यांना त्रास होतोय, बारीक काम दिसत नाही. आणि मी, हुशार मुलगी, त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले! नंबर वाढला होता थोडा. नवा चष्मा केला. बाबांनी तो निमूटपणे घातला, हात खिशात घातला आणि दोन महिने गॅलरीत बसून राहिले. मी चष्म्याची काच पुसून द्यायचे.

मग एक दिवस दवाखान्यात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी आली, तिच्या डाव्या हातात रबरी पंजा. खुर्चीत बसली तरी काढेना. डॉक्टरीणबाईंनी मला हाक मारली, तू जरा हिचं लक्ष वेध म्हणून. मी वाकले आणि त्या पंज्याशी शेकहँड केला.

मी आयुष्यभर साचे बघत आलेय. एकाच्या तोंडाची कवळी दुसऱ्याच्या डबीत गेली तर मी रंग न बघता सांगते. माझ्या तळव्याला ती आकडी लागली. अर्ध्या बोटाच्या टोकाचं, खालच्या अंगाला वळलेलं नख. मग मी टाक्यांची ओळ शोधली. ती होती. करंगळीच्या मुळाशी जिथे टाका एकदा चुकून पुन्हा घातला होता, तिथेही बरोबर दोन वळ होते. तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. मी त्या पोरीला काही बोलले नाही, तिचा काय दोष? मागच्या खोलीत जाऊन मी धाकटीला फोन लावला.

"तो बाबांचा हात आहे," मी म्हटलं.

ती म्हणाली, "ताई, तो उलटा केलाय. बाबांचा उजवा आहे, पंजाचा डावा. रंग बदललाय. आठपट मोठा केलाय. कुणाला कळणार होतं?"

हा मूर्खपणा फक्त ह्यांच्या धंद्यातली माणसंच करू शकतात. दिवसातून शंभरदा चित्र उलटं करून करून ह्यांना वाटायला लागतं की उलटं केलं की ती वस्तू दुसरीच होते. "आरशात बघितलं की माणूस बदलतो का गं?" मी ओरडले. "बाबांना कळलं. म्हणून तर दोन महिने दुकान बंद आहे, आणि मी मूर्ख त्यांचे डोळे तपासत बसले!"

"मी रविवारी येते," ती म्हणाली. मला वाटलं, माफी मागायला येतेय.

रविवारी ती आली, जेवली, आईशी इकडचं तिकडचं बोलली. बाबांकडे मात्र तिची नजर ठरत नव्हती. दुपारी बाबा खुर्चीत टेकले. मी ओटा पुसत होते. बाहेर आले तर ही खुर्चीशी गुडघ्यांवर बसलेली आणि हातात मोबाइल. बाबांचा हात खिशातून निसटून खुर्चीच्या दांड्यावर आला होता आणि ही त्याचे फोटो काढत होती.

मी तिचा दंड धरून तिला उठवलं. "तुला लाज वाटते का?"

"हळू बोल, उठतील."

"उठू देत! पुन्हा? पुन्हा तेच?"

"ताई, ऐक ना. दुसरा भाग येतोय. त्यात पंजा मुख्य आहे. दाढीवाल्याला हाताची सगळ्या बाजूंनी चित्रं हवीत, वरून, खालून, उघडा, मिटलेला. त्याशिवाय बाकीच्यांना तो हलवताच येणार नाही. उद्या द्यायचीत. दिली की मी कायम, आणि सगळ्या राक्षसांचं काम माझ्या हाताखाली. आणि माझ्याकडे तळव्याचा एकही फोटो नाही. मी तळवा कधी बघितलाच नाहीये. उशीवर हात नेहमी पालथा असायचा."

"मग विचार त्यांना!"

"विचारलं आणि नाही म्हणाले तर?"

ह्याला काय म्हणायचं? मी हात उगारला होता, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"मी झोपलेलो नाही," बाबा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "तू शाळेतून यायचीस ना, छोटे, तेव्हाही मी झोपलेला नसायचो. मी बघत असलो की तू बुजायचीस. म्हणून डोळे मिटायचो. तुला नीट काढता यावं म्हणून."

धाकटी तिथेच खाली बसली. आई दारात येऊन उभी राहिली होती.

बाबांनी चष्मा चढवला. "ते मोठं चित्र असेल ना? स्टॉपवर तुकडाच आहे. अख्खं दाखव."

तिनं पाटी काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. मीही पहिल्यांदाच ते अख्खं चित्र बघत होते. काळोखी गुहा. त्यात ते जनावर, ओंगळ, सगळं अंग काट्यांचं, तोंडातून लाळ. आणि त्या हाताच्या आड, त्या आकडीच्या नखाखाली, त्याचं पिल्लू झोपलेलं. ओलं, डोळे न उघडलेलं. हातानं त्याच्यावर सावली धरली होती. अख्ख्या चित्रात उजेड होता तो तेवढ्याच जागी.

बाबा बराच वेळ बघत होते. "अंगठ्याची शीर बरोबर पकडलीस," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुला तो असा दिसायचा? राक्षसाचा?"

"नाही हो, बाबा!" ती ढसाढसा रडायला लागली. "मला तो कधी भीतीचा वाटलाच नाही. त्या अख्ख्या जनावरात मला तेवढंच चांगलं काढायचं होतं. मला वाटलं, सगळ्यांना तो तसाच दिसेल. त्यांनी पिल्लू कापून नुसता हात लावला."

मला तिची कीव आली. आणि तरी मला रागच आला, आधीपेक्षा जास्त आला. तिच्या मनात चांगलं होतं म्हणून काय झालं? चांगलं मनात ठेवून ती त्या झोपलेल्या माणसापुढे दोनदा मोबाइल घेऊन बसली होती. तोंड उघडा असं म्हटल्याशिवाय मी कुणाच्या ओठालाही बोट लावत नाही.

बाबा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मागितला असतास तर दिला असता. आनंदानं दिला असता. एकदा कारखान्यानं न विचारता घेतला. दुसऱ्यांदा तू घेतलास."

धाकटीनं नाक पुसलं आणि म्हणाली, "आता मागते, बाबा. आता विचारते."

"कुणासाठी?"

तिनं खोटं बोलायला हवं होतं असं मला क्षणभर वाटलं. ती खोटं बोलली नाही. "दाढीवाल्यासाठी. उद्यासाठी."

"मग नाही," बाबा म्हणाले, आणि हात खिशात घातला.

सोमवारी तिनं कंपनीत काय केलं ते मी तिच्याकडून तीनदा ऐकून घेतलंय. दाढीवाल्यानं वीस माणसांसमोर विचारलं, हाताची पानं कुठेत? ती म्हणाली, नाहीत. तो म्हणाला, तुझ्याकडे संदर्भाचे फोटो आहेत आणि तू देत नाहीयेस, करारानुसार संदर्भ कंपनीचे असतात. तेव्हा आमच्या धाकटीनं, जी लहानपणी बाईंनी उभं केलं तर स्वतःचं नावही धड सांगायची नाही, तिनं त्याला सांगितलं, "तो संदर्भ नाही, माझ्या बापाचा हात आहे. मी तो त्यांना न विचारता घेतला होता, आता त्यांनी नाही म्हटलंय. जाहिरातही काढा." जाहिरात काढली नाही. काढणार कशाला? रबरी पंजेही विकत राहिले. तिला काढून टाकलं असतं तर चारचौघांत बोभाटा झाला असता, म्हणून तिला दगडांवर बसवलं. खेळातल्या गुहांमधले, नदीतले, राक्षसांच्या पायाखालचे दगड. दिवसाला चाळीस. करार परत सहा महिन्यांचा.

ज्या पोरीनं त्यांना तो खेळ चालवून दिला, तिला दगड! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्या दाढीवाल्याकडे जायला निघाले होते, आईनं चपला लपवल्या. धाकटी हल्ली फिरायला गेली की पिशवीभर दगड घेऊन येते आणि टेबलावर मांडते. "दगडांना तरी विचारावं लागत नाही," आई म्हणाली. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी ती हसली. मी हसले नाही.

बाबांनी दुकान उघडलं नाही. महिना गेला, दीड गेला. धाकटी दर रविवारी यायची, बाबांशी हवापाण्याचं बोलायची, पाटी काढायची नाही. नाही म्हटलं म्हणून काय झालं, गेलेला हात काही परत येत नाही, असं मला वाटायला लागलं होतं आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

मग बसस्टॉपवर दुसऱ्या भागाची जाहिरात लागली. मी कामावरून येताना ती बघितली आणि तिथूनच दोघांना फोन केला, खाली या म्हणून. धाकटी त्या दिवशी आमच्याकडेच होती, ती दगडांची पिशवी घेऊन आली, बाबा हात खिशात घालून आले. संध्याकाळची वेळ, स्टॉपवर सहा-सात माणसं.

दाढीवाल्यानं दुसऱ्या कुणाकडून तरी तळवा काढून घेतला होता. उघडा पंजा, थेट आपल्या अंगावर येणारा, तळव्याच्या मधोमध एक पिवळा डोळा. ज्यानं काढला होता त्यानं कधी असा हात बघितला नव्हता, मनातून ठोकून दिला होता. बोटं नसलेल्या जागी नुसते गुळगुळीत गोळे. माझ्या तोंडातून जे शब्द बाहेर पडायला लागले ते मी इथे लिहू शकत नाही. शेजारची एक बाई दोन पावलं मागे सरकली.

बाबा काचेच्या जवळ गेले. चष्मा वर केला, खाली केला. नाक काचेला लागेल इतके वाकले.

"हे काय आहे?" ते म्हणाले. "बोट गेलं की तिथे असा गुळगुळीत गोळा उरत नसतो. आणि तळव्याची कातडी मांडीवरून लावलेली असते, तिच्यावर केस येतात. हे बघ."

त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि त्या मोठ्या तळव्याशेजारी काचेवर उघडा धरला. केस होते, बारीक, पांढरे झालेले. आडवा वळ होता, मनगटापर्यंत गेलेला. सहा-सात माणसं बघत होती. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "काका, हा तुमचाच ना?"

"छे!" बाबा चिडून म्हणाले. इतक्या महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा चिडलेलं बघत होते. "हा माझा नाही. कुणाचाच नाही. माझा हा."

धाकटी पुढे आली. मोबाइल तिच्या पिशवीत दगडांखाली होता, तिनं तो काढला नाही. ती नुसती बघत होती, आणि बाबा तिला बोटाच्या त्या अर्ध्या तुकड्यानं एकेक चूक दाखवत होते.